घासतं तिथे तेल

आमच्या भावजींच्या तोंडून दिवसाकाठी वीसेक शब्द निघतात आणि त्यातले निम्मे 'बरं' असतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. पहिल्या दिवशी मी कौतुकाने विचारलं, "भावजी, काय करायला आवडतं तुम्हाला?" तर त्यांनी खांदे उडवले आणि घटकाभराने एक कागद माझ्यासमोर ठेवून निघून गेले. कागदावर माझ्या चपलांचं चित्र होतं, दाराशी काढून ठेवल्या होत्या तशाच्या तशा. डाव्या चपलेचा अंगठा तुटायला आलेला दाखवला होता. मला राग आला, म्हटलं नव्या नवरीच्या चपलेत खोट काढतात म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात तो अंगठा तुटला आणि मी एक पाय फरपटत घरी आले.

तसेच वाढले ते. कपाला टवका असेल तर टवका काढणार, भिंतीला ओल असेल तर ओल काढणार. एकदा माझे हात काढले आणि बोटांची पेरं चांगली सुजलेली दाखवली. मी म्हटलं, "जरा बारीक काढली असती तर तुमची पेन्सिल झिजली असती का?" ते म्हणाले, "दिसतं ते काढलं, वहिनी." झालं. एवढ्यावर भांडणार तरी काय?

कागद माझेच. मी घरी बसून शिवणकाम करते; पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन आहे. कपडे बेतायचे मोठे खाकी कागद जुने झाले की पाठकोऱ्या बाजूवर भावजींचं राज्य. नाव कॉलेजात होतं, हिशेबाच्या विषयांना, पण जीव सगळा चित्रशाळेवर. तिथे वर्षातून एकदा परीक्षा घेतात आणि विसावं वर्ष सरलं की दार बंद. भावजींना विसावं लागलं होतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. हे घरात कुणी उघड बोलत नव्हतं, पण आमचे हे सुद्धा बसची पाळी संपवून आले की चपला न वाजवता आत यायचे, भावजी चित्र काढत असतील म्हणून.

परीक्षा रविवारी सकाळी होती आणि चित्रशाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. आदल्या दिवशी शनिवार. मशीनला दर शनिवारी तेल द्यायचं हा माझा नेम आहे. मला शिवण शिकवणाऱ्या बाई भारी कडक होत्या. टाका वाकडा गेला तर चालेल, पण मशीन कोरडं राहिलं तर पट्टीने मारायच्या. 'घासतं तिथे तेल' एवढं त्यांनी आम्हा मुलींच्या हाडात भिनवलं. त्या शनिवारी मशीनचं झालं आणि कुपीत तेल उरलं. म्हटलं, उद्या भावजींना एवढं लांब जायचंय, सायकल त्यांना लख्ख करून द्यावी. अस्तराच्या चिंध्या घेऊन जिन्याखाली बसले. दांडा पुसला, मडगार्ड पुसलं, घंटी पुसली. मग कुपीचं लांब नाक फटीफटीत घालून तेल दिलं. चेनला दिलं, पायडलला दिलं, हँडलला दिलं. जिथे म्हणून एक वस्तू दुसरीला घासत होती तिथे थेंब थेंब, हात आखडता न घेता. कुणाला बोलले नाही. मायेने केलेलं काम सांगत सुटायची मला आवड नाही.

आणि त्याच संध्याकाळी मी वरच्या काकांना पाहिलं.

वरचे काका म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारे. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून म्हातारे झाले, पण चुका शोधायची खोड गेली नाही. दुकानाच्या पाट्या वाचतात आणि आत जाऊन मालकाला चूक सांगून येतात. आमची सायकल जिन्याखाली असते, ती त्यांच्या डोळ्यांत खुपायची. शुक्रवारी पायडल त्यांच्या पोटरीला लागलं तेव्हा ते जिन्यातून सगळ्या घरांना ऐकू जाईल असं ओरडले होते, "ही सायकल एक दिवस रस्त्यात फेकून देईन! मग बसा चाकं गोळा करत!" आणि शनिवारी संध्याकाळी मी दार उघडलं तर काका सायकलच्या पुढच्या चाकाशी वाकलेले. हात मागेपुढे चाललेला. मला पाहिलं तसं त्यांनी हातातलं काहीतरी झटकन खिशात कोंबलं आणि एक अक्षर न बोलता जिना चढून गेले.

रविवारी भावजी सकाळी निघाले आणि दुपारी परत आले. सायकल खांद्यावर. पुढच्या चाकाचा पार आठ झालेला, चाक धरणारा चिमटा वाकलेला, गुडघ्यावर पँट फाटून रक्त सुकलेलं. मोठ्या उतारावर सायकलने वेग घेतला, खाली वळणावर हातगाडी आडवी आली आणि हे भिंतीवर जाऊन आदळले. उरलेली वाट सायकल ओढत चालत गेले. चित्रशाळेचं फाटक चाळीस मिनिटांपूर्वी बंद झालं होतं.

"अहो, पण ब्रेक?" मी विचारलं.

"ब्रेक लागला नाही," भावजी म्हणाले आणि मोरीत जाऊन गुडघा धुवायला बसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शुक्रवारची धमकी, शनिवारी चाकाशी वाकलेले काका, खिशात लपवलेली वस्तू. पाना असणार, दुसरं काय? मी तशीच जिन्याकडे निघाले, तर ह्यांनी हात धरला. "तू त्यांना ब्रेक सोडताना पाहिलंस का?" ह्यांचं नेहमीचं. अख्खं घर जळालं तरी हे काडी कुणी ओढली त्याचा पुरावा मागतील. मी थांबले, पण त्या क्षणी मनात डूख धरला. वर जाऊन चार शब्द सुनावले की विषय संपला असता आणि मला तो संपवायचा नव्हता. भावजींचं जन्माचं दार बंद झालं होतं. एवढ्याचा वचपा चार शब्दांत निघतो?

सोमवारी भावजी चालत चित्रशाळेत जाऊन आले. तिथला कारकून भला माणूस निघाला. म्हणाला, दुसरी यादी लागते, चार-पाच जागांची. पुढच्या सोमवारी समोर वस्तू ठेवून काढलेली दहा चित्रं आणून द्या, मोठे सर बघतील. कॉलेजला तयारीची सुट्टी होतीच. म्हणजे हातात एक आठवडा, मोडकी सायकल आणि दहा कोरे कागद.

तो आठवडा भावजींनी कसा काढला ते मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण ते माझ्याच खोलीत, मशीनपासून चार हातांवर पोतं अंथरून बसलेले असायचे. सकाळी सायकल, दुपारी चित्र. सोमवारी चाक उतरवलं आणि आधी ते वाकडं चाकच कागदावर उतरवलं. मंगळवारी सगळे आरे सोडवून डब्यात उभे केले, त्या डब्याचं चित्र. मग नवी रिम आणली आणि एकेक आरा ओवत बसले. चाक फिरवायचं, रिम कुठे हलते ते खडूने टिपायचं, तिथला आरा पाव फेरा आवळायचा, पुन्हा फिरवायचं. आउट काढणं म्हणतात त्याला. बुधवारचा अख्खा दिवस त्यात गेला. मध्येच त्यांनी ब्रेकचे रबराचे तुकडे काढले, साबणाच्या गरम पाण्यात तीनदा धुतले आणि पॉलिशपेपरवर घासत बसले. मी म्हटलं, "भावजी, रबराला कसली आलीय अंघोळ?" तर म्हणाले, "लागते." चाकातले छर्रे बशीत काढून त्या बशीचं चित्र. पट्टी बांधलेल्या स्वतःच्या गुडघ्याचं चित्र.  मला त्यांच्याकडे बघून भडभडून यायचं आणि मग त्याचा राग व्हायचा.

भावजी गप्प होते म्हणून त्यांच्या वाटचं मी बोलत होते. मशीन चालवता चालवता तोंडाचा पट्टा चालू. "ज्याने हे केलं त्याचे हात झडोत." चाक फिरायचं, खडूची खूण व्हायची. "ज्याने हे केलं त्याला चार लोकांत तोंड दाखवायला जागा उरू नये." एकदा मात्र भावजींनी मान वर केली.

"ज्याने केलं त्याला ना, वहिनी?"

"ज्याने केलं त्यालाच! दुसऱ्या कुणाला?"

"बरं," म्हणाले आणि पुन्हा चाकात डोकं घातलं.

इमारतीतल्या सगळ्या घरांत मी जाऊन आले. कुणाकडे ब्लाउज द्यायला, कुणाकडे माप घ्यायला, कुणाकडे उगीचच. ब्रेकची गोष्ट प्रत्येक घरी थोडी वाढत गेली. चौथ्या घरापर्यंत काकांच्या हातातला पाना मला स्पष्ट आठवायला लागला होता. नावही मीच ठेवलं, ब्रेककाका. बुधवारी ठेवलं आणि गुरुवारी पोरं जिन्यात ओरडायला लागली. काका भाजीची पिशवी घेऊन वर चढत होते. क्षणभर थांबले, मागे वळून पाहिलं, आणि कठडा धरून पुन्हा चढू लागले. माझ्या दाराच्या फटीतून मी ते पाहिलं आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःसाठी चहा टाकला.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. आणि भागवायची सोय माझ्या कपाटात लटकत होती.

काकांचा कोट माझ्याकडे आला होता, भांडणाच्याही आधी. रविवारी त्यांच्या छापखान्याला पन्नास वर्षं होत होती, जुन्या माणसांचा सत्कार होता आणि कामगारांच्या वतीने काका बोलणार होते. लग्नातला कोट अंगावर ढगळ झाला होता, तो पाठीत दोन बोटं आत घ्यायचा होता. महिनाभर जिन्यात भेटेल त्याला ते भाषणाचं सांगत होते. आणि काका बोलतात कसे, तर दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन. पाण्याची टाकी भरली एवढं सांगायचं असलं तरी हात वर.

गुरुवारी दुपारी मी तो कोट टेबलावर पसरला. पाठीची मधली शिवण उसवली, खडूने नवी रेघ मारली. आता इथे दुहेरी टीप मारायला हवी, नाहीतर पाठीवर ताण आला की गेलीच. मी टीप मारली नाही. डब्याच्या तळातलं जुनं, कुजकं रीळ काढलं, ओढलं की तुटणारं, आणि लांब लांब धावदोरा घालत गेले. असा कच्चा टाका आम्ही बेतताना घालतो, नंतर ओढून काढायला. अस्तरही तसंच नुसतं टेकवलं. वरून ओला कपडा टाकून अशी कडक इस्त्री फिरवली की माझ्या कडक बाईंनाही कळलं नसतं. पहिल्यांदा हात वर झाले की दोन टाके जातील. दुसऱ्यांदा चार. तिसऱ्यांदा कॉलरपासून खालपर्यंत पाठ उघडी, आतला सदरा बाहेर, आणि समोर सगळा छापखाना. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या ना, घ्या म्हटलं, आता ही काढा. हाताने शिवत होते आणि मनात ती पाठ उसवताना बघत होते. आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरं कुठलं काम केलं नसेल.

भावजी पोत्यावर बसून काहीतरी काढत होते. मी लक्ष दिलं नाही. ते नेहमीच काहीतरी काढत असतात.

शनिवारी काकांची मुलगी कोट न्यायला आली. ती वडिलांजवळच राहते, दवाखान्यात नर्स आहे. कोट घेतला आणि दारातच घुटमळली. "ताई, बाबांनी सायकलला हात लावला नाही हो. ते आठ दिवस नीट जेवले नाहीत." मी म्हटलं, "कोट घालून बघायला सांगा, छान बसेल."

रविवार उजाडला. सायकल तयार होऊन भिंतीशी उभी होती, चाक असं फिरत होतं की रिम जागेवरून केसभर हलत नव्हती. मी झाडायला पुढच्या खोलीत आले तर मशीनच्या फळीवर दहा चित्रं ओळीने मांडलेली. भावजी खिडकीशी उभे होते, पाठ माझ्याकडे. मी झाडू ठेवला आणि एकेक बघत गेले. वाकडं चाक, आऱ्यांचा डबा, छर्ऱ्यांची बशी, गुडघा, जिन्याखालची रिकामी जागा. नववं चित्र कोटाचं होतं. टेबलावर पसरलेला काकांचा कोट, त्यावर माझे सुजलेल्या पेरांचे हात, आणि हाताखाली ते टाके. एकेक मोजता येईल असा, बोटभर लांब. 

दहावं चित्र बघितलं तेव्हा आधी कळलंच नाही काय आहे. मग कळलं की ब्रेक आहे. पडले त्या दिवशीचा, रविवारचा, अंघोळ घालायच्या आधीचा ब्रेक. रबराचा तुकडा, त्याच्याखाली रिम, आणि रबरावरून ओघळून टोकाशी लोंबणारा तेलाचा थेंब. रिमवरही तेलाची चकाकी. आणि त्या थेंबात अडकलेला एक बारीक, कुरळा धागा. अस्तराचा. आमच्या इमारतीत अस्तराच्या चिंध्या एकाच घरात असतात.

घासतं तिथे तेल. ब्रेकचं रबर रिमला घासतं. घासलंच पाहिजे, त्याशिवाय चाक थांबणार कसं? हे मला, बत्तीस वर्षांच्या बाईला, त्या चित्रासमोर उभी असताना कळलं. मशीनमध्ये थांबवायचं काही नसतं हो. तिथे सगळं पळवायचंच असतं.

 आणि त्याच वेळी वर काकांच्या बुटांचा आवाज झाला. सत्काराला निघायची वेळ.

मी सुई आणि पक्कं रीळ उचललं आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. दार मुलीने उघडलं. काका कोट घालून आरशासमोर उभे होते, हातात भाषणाचा कागद.

"काका, कोट काढा," मी म्हटलं.

काका गर्रकन वळले. "का? आता बटणं तोडायची राहिलीत?"

"थोडं काम राहिलंय. दहा मिनिटांत देते."

"नाही देणार. आठ दिवस तुम्ही माझं या इमारतीत काय काय करून ठेवलंत? आता ऐन वेळेला कोट घेऊन जाल आणि दार लावून बसाल. मला खुळा समजलात?" त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि त्यावर हात दाबून धरला. "चल गं, रिक्षा आली असेल."

दुसरा मार्गच उरला नाही. ज्या माणसाला मी आठवडाभर बदनाम केलं, तो माझं का ऐकेल? मी दारात आडवी उभी राहिले आणि मुलीच्या देखत सगळं सांगितलं. पाठीला कच्चा टाका आहे. मुद्दाम घातलाय. हात वर केलेत की कोट फाटणार. ब्रेकला तेल मीच दिलं होतं. तुमचा काही संबंध नव्हता.

 कोट न काढताच काकांनी पाठ केली आणि दोन्ही हात भिंतीला टेकले. "अंगावरच शिवा. काढून मी देणार नाही."

मी शिवायला लागले.  काका भिंतीकडे बघत बोलत होते. "तेल फरशीवर ओघळलं होतं. माझा पाय सटकला. माझी मुलगी दवाखान्यातून दमून येते, ती पडेल म्हणून रुमालाने पुसून काढलं. रुमाल कामातून गेला."

"मग मला बघून खिशात का घातलात?"

"तुमच्याशी भांडण झालेलं. तेलकट रुमाल नाचवत उभा राहू तुमच्यासमोर?" मग म्हणाले, "आणि हात वर केले असते तर? सगळ्यांसमोर?"

"हो."

"तेच हवं होतं तुम्हाला?"

"हो, काका."

"टाके जवळजवळ घ्या," काका म्हणाले. मी घेतले. दोरा तोडला तेव्हा ते वळले. "हे झालं. आणि पोरं मला जिन्यात जे म्हणतात, ते कसं उसवणार?"

मी उरलेला दोरा रिळाला गुंडाळला. ते मुलीचा हात धरून उतरून गेले.

खाली आले तर भावजी अजून खिडकीशीच. मी खुर्चीत बसले. 

"भावजी, तुम्हाला कधी कळलं?"

"पडलो तेव्हाच. रबराला मशीनच्या तेलाचा वास होता."

"मग बोलला का नाहीत? मी आठ दिवस त्या म्हाताऱ्या माणसाला शिव्या घालतेय, घराघरांत जाऊन सांगतेय. एका शब्दाने अडवायचं नाही?"

भावजी वळले. मी त्यांना बारा वर्षांचे असल्यापासून पाहिलंय, त्यांचे गणवेश शिवलेत, ताप उतरेपर्यंत उशाशी बसलेय. त्यांचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता.

"तुम्ही म्हणत होतात ना, ज्याने केलं त्याचे हात झडोत," ते म्हणाले. "ज्याने केलं त्याला तोंड दाखवायला जागा उरू नये. रोज म्हणत होतात. मला ऐकायला बरं वाटायचं."

"एवढा राग आला होता माझा?"

"मला विसावं चालू आहे, वहिनी." आणि मग, "तुम्ही मायेने केलंत म्हणून तोंडावर बोलताही येईना. मग तुमचंच तुम्हाला बोलू दिलं. आज काकांचा कोट फाटला असता, म्हणून चित्रं मांडली."

एका दमात एवढं ते त्याआधी कधी बोलले नव्हते आणि नंतरही बोललेले नाहीत. मी रडले नाही. रडायला हक्क कशाला लागतो, पण त्या दिवशी मला तो नाही असं वाटलं. त्यांनी शेवटची दोन चित्रं उचलून बाजूला ठेवली. म्हणाले, ही नेत नाही, आज दुसरी दोन काढतो. मी ती पुन्हा गठ्ठ्यात घातली आणि गठ्ठा बांधायला पट्टी शिवून दिली. दुहेरी टीप मारून.

सोमवारी ते उतारावरून सायकलनेच गेले. मोठ्या सरांनी दहावं चित्र बराच वेळ हातात धरलं म्हणे आणि विचारलं, "ब्रेकवर तेल कोण देतं?" भावजी म्हणाले, "आमच्या वहिनी." पंधरा दिवसांनी दुसरी यादी लागली, त्यात भावजींचं नाव तिसरं होतं. ह्यांनी बसमधल्या उतारूंनाही सांगितलं. ती शेवटची दोन चित्रं चित्रशाळेच्या जिन्यात लावलीत. मी बघायला गेले नाही.

काकांचं भाषण झकास झालं असं त्यांच्या मुलीने सांगितलं. हात मात्र त्यांनी शेवटपर्यंत खिशातच ठेवले. मी घरोघर जाऊन खरं काय ते सांगून आले, आणि खरी गोष्ट प्रत्येक घरी जाता जाता वाढली नाही. मोठ्यांनी ऐकून घेतलं. पोरं अजून ब्रेककाकाच म्हणतात. आणि काका अजून शिवायला माझ्याकडेच देतात. कपडा न्यायला मात्र स्वतः येतात, तेही समोर गिऱ्हाइकं बसलेली असताना. उजेडाशी जातात, शिवण दोन्ही हातांत धरतात आणि सगळ्यांच्या देखत ताकद लावून ताणून बघतात. एकदा, दोनदा, तीनदा. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालून मशीन चालवत राहते, आणि पोत्यावर बसलेले भावजी पेन्सिलीला टोक करतात.